बिनफुलाची शिडी

पोळा होऊन चार दिवस झाले होते. सकाळी दुकानाचं शटर वर करायला लावून मी आत आले, तोच फोन वाजला. समाधान इंगळ्यांची मुलगी, प्रज्ञा. "ताई, बाबा गेले," एवढंच म्हणाली. कुठे गेले, असं मी विचारणार होते. खरंच विचारणार होते. कारण आदल्या संध्याकाळी हा माणूस पार्किंगमध्ये उकिडवा बसून एका ट्रॉलीचं चाक बोटानं फिरवून पाहत होता आणि मला म्हणाला होता, "हे चाक कुरकुर करून राह्यलं ताई. उद्या काढू." तो उद्या उजाडला तेव्हा... पहाटे छातीत कळ आली आणि रिक्षा दारात येईपर्यंत सगळं आटोपलं. वय चौपन्न.

मी मातीला गेले तेव्हा जो तो एकच सांगत होता. इंगळेभाऊ मोठा शांत माणूस, उभ्या जन्मात कुणाला दुखावलं नाही. मी ऐकून घेतलं, पण आता लिहायची वेळ आली आहे तर सांगते, हे साफ खोटं आहे. भाऊंनी पुष्कळांना दुखावलं. मॅनेजरला दुखावलं, पुण्याच्या साहेबांना दुखावलं, बरोबरच्या हमालांना दुखावलं, आणि मला तर चांगलंच दुखावलं. आम्ही सगळे त्याच लायकीचे होतो. मेलेल्या माणसाला गुळमुळीत करून टाकायची आपल्याकडे रीतच आहे. मी या माणसाला गुळमुळीत होऊ देणार नाही.

मी उंद्रीची, शेतकऱ्याची पोर. मलकापुरात हायवेला लागून जी मोठमोठी दुकानं झाली आहेत, त्यातल्या एकात नऊ वर्षांपूर्वी कॅश काउंटरवर लागले आणि चढत चढत आज उपव्यवस्थापक झाले. खाली किराणा आणि भांडी, वर कपडे, मागे गोदाम, मुख्य कचेरी पुण्याला. भाऊ गोदामातल्या माणसांचे मुकादम होते. उंच, वाळका माणूस, खिशात कायम एक पान्ना आणि चिंधी. पोरं चिडवायची, "नाव समाधान, पण शिडी पाह्यली का समाधान गेलं." भाऊ हसायचे आणि तीच शिडी उलटी करून तिचे पाय पाहायचे.

शिडीचं हे वेड कुठून आलं, ते मी सुपरवायझर होऊन गोदामात आले त्या पहिल्या वर्षातच त्यांनी मला सांगितलं. तरुणपणी ते कापसाच्या एका जिनिंगमध्ये कामाला होते, आणि त्यांचा चुलतभाऊही. दसऱ्याला मालकानं मशीनला हार घातला, कुंकू लावलं, नारळ फोडला, पेढे वाटले. चौथ्या दिवशी त्याच मशीननं चुलतभावाचा उजवा हात कोपरापर्यंत नेला. पट्ट्यावरचं झाकण महिनाभरापासून निघालेलं होतं. "पूजा करताना सगळ्याइले दिसत होतं ताई," भाऊ म्हणाले. "हार त्या भोकावरूनच तं घातला होता. मीच धरलं होतं एक टोक." मी 'अरेरे' म्हणाले आणि माझ्या कामाला लागले.

माझं काम काय होतं तेही सांगते, लाज वाटते तरी. मी तेव्हा सुपरवायझर होते आणि दर महिन्याला पुण्याहून सुरक्षेची एक लांबलचक यादी यायची. शिड्या ठीक आहेत का, विजेच्या तारा ठीक आहेत का, मालाची लिफ्ट ठीक आहे का. मी खुर्चीत बसून, चहा पीत, सगळ्या रकान्यांत 'ठीक' अशी खूण करायचे आणि खाली सही ठोकायचे. सगळीकडे असंच चालतं म्हणायचे. पुण्याहून लाल चिठ्ठ्याही यायच्या, बिघडलेल्या वस्तूला बांधायला. त्यावर 'वापरू नये' असं छापलेलं. आमची पोरं ती चिठ्ठी बाजूला सारून खुशाल शिडीवर चढायची. एकानं तर तिचा दोरा काढून डब्याला बांधला होता.

भाऊ बौद्ध. दसऱ्याच्या सकाळी पांढरा शर्ट, पांढरी पँट घालून विहारात जायचे आणि तिथून थेट दुकानात यायचे. दुकानात त्या दिवशी अवजारांची पूजा असायची. पहिल्या वर्षी ते आले ते बांबूची एक टोपली काखेत घेऊन, आणि टोपलीत घरच्या अंगणातले झेंडू. मॅनेजर खूश झाला. म्हणाला, "वा इंगळे, तुम्हीही पूजेला?" भाऊ म्हणाले, "पूजा तुमची साहेब. मी करत नाही. मी फक्त पाहतो, आन् फूल लावतो." मग त्यांनी प्रत्येक वस्तू पाहिली. शिडीचे पाय, माल ओढायच्या गाड्यांची चाकं, पुठ्ठा कापायच्या सुऱ्यांच्या मुठी. नीट असली की फूल लागायचं, नसली की भाऊ पुढं जायचे. एका शिडीच्या पायाचं रबर गेलं होतं. तिला फूल लागलं नाही. गोदामात सगळं झेंडूनं पिवळंधमक झालं आणि ती एक शिडी भिंतीशी तशीच उघडीबोडकी उभी राहिली.

दुसऱ्या दिवशी तिच्यावर कुणी चढेना. लाल चिठ्ठीला ज्यांनी कधी जुमानलं नव्हतं ती पोरं म्हणायला लागली, "ते बिनफुलाची हाय, तिले हात नको लावू बे." आमचा रशीदभाई, ज्याचा या पूजेशी काडीचा संबंध नाही, तोही बाजूची शिडी ओढून आणायचा. हसू येईल तुम्हाला, पण मला नाही आलं. माझा बाप पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलांचे खांदे हळद-तूप लावून शेकायचा आणि शेकता शेकता बोटानं चाचपून पाहायचा. खांद्याला जखम दिसली तर पोळा झाल्यावरही तो बैल जुवाला लागत नसे, मग पेरा राहो की वखर. लहानपणी मला तो लाडच वाटायचा. भाऊंची टोपली पाहिल्यावर कळलं की माझा बापही तपासणीच करत होता. कळलं खरं... पण यादीत 'ठीक' लिहिणं काही माझं थांबलं नाही.

तिसऱ्या वर्षी मालाच्या लिफ्टचं झालं. दरवाजा उघडा राहिला तरी ती लिफ्ट चालू लागायची. सगळ्यांना ठाऊक होतं, आणि सगळे 'जरा सांभाळून' म्हणत वापरत होते. त्या दसऱ्याला पुण्याचे साहेब स्वतः आले होते, फोटोवाला घेऊन. दिवाळीचा माल उतरला होता, गोदाम शिगोशीग भरलं होतं. साहेबांनी लिफ्टला हा एवढा मोठा हार घातला आणि फोटोसाठी उभे राहिले. भाऊ पुढं झाले, हार काढला, नीट घडी घातली आणि साहेबांच्या हातात दिला.

"हिले नाही शोभत साहेब हा हार. दरवाजा उघडा असला तरी चालते ही."

साहेब हसले. म्हणाले, "इंगळे, दिवाळीचा हंगाम आहे. आपण नंतर बघू."

"मंग तुमी बसा आतमंधी," भाऊ म्हणाले. "दरवाजा उघडाच राहू द्या. मी वरतून बटन दाबतो."

साहेब बसले नाहीत. भाऊंनी त्यांच्यासमोर लिफ्टचं मुख्य बटन बंद करून कुलूप घातलं आणि किल्ली माझ्या टेबलावर आणून ठेवली. अकरा दिवस लिफ्ट बंद होती. दिवाळीचा सगळा माल जिन्यानं वर गेला. हमाल भाऊंना तोंडावर शिव्या देत होते, आणि भाऊ शिव्या खात त्यांच्यासोबत खोके वाहत होते. लोकांचा जीव वाचवणाऱ्याला लोक डोक्यावर घेतात, असं कुणी सांगत असेल तर त्याला मलकापूरला आणा.

मग भाऊंना नोटीस आली. शिस्तभंग. आणि मला बोलावणं आलं. साहेबांनी माझी यादी माझ्यासमोर ठेवली. 'लिफ्ट : ठीक', खाली माझी सही. "तुम्हीच लिहिलंय ना मॅडम? मग इंगळे खोटं बोलतोय, एवढंच दोन ओळीत लिहून द्या." मी ते लिहिलं नाही. पण खरंही लिहिलं नाही. मी लिहिलं, 'लिफ्टच्या स्थितीबद्दल मला नेमकी कल्पना नाही.' रोज त्या लिफ्टमधून माल चढताना पाहणारी मी, मला कल्पना नव्हती. बाहेर आले तर भाऊ पायरीवर बसलेले. मी काय लिहिलं ते त्यांना सांगितलं. मला वाटलं, चिडतील. चिडले असते तर बरं झालं असतं. ते म्हणाले, "तुमाले बी पोट हाय ताई." मग चिंधीनं हात पुसत उठले आणि जाता जाता म्हणाले, "पर पुढच्या महिन्याची यादी उभ्यानं भरजा. खुर्चीतून शिडीचे पाय दिसत नाहीत."

त्या वाक्यानं मी दुखावले. महिनाभर त्यांच्याशी धड बोलले नाही. पण यादी उभ्यानं भरली, आणि पहिल्यांदा सात ठिकाणी 'ठीक नाही' लिहिलं.

अकोल्याहून कारागीर आला, त्यानं लिफ्टच्या दरवाज्याची झिजून गेलेली कडी काढून तळहातावर घेतली आणि विचारलं, "हे कोण चालवून राह्यलं होतं?" लिफ्ट दुरुस्त झाली. नोटीस कुणी मागे घेतली नाही, फक्त तिचा विषय काढणं बंद झालं, आणि महिन्याभरात भाऊंची बदली गोदामातून पार्किंगमध्ये झाली, ट्रॉल्या गोळा करायला. मलकापूरचं मे महिन्याचं ऊन ज्यांनी पाहिलं आहे त्यांना मी जास्त सांगत नाही. मी म्हटलं, "भाऊ, अर्ज करा, मी सही करते." म्हणाले, "कायले? इथंबी चाकं हायेत." चार उन्हाळे काढले त्यांनी तिथं, आणि प्रत्येक दसऱ्याला पांढऱ्या कपड्यात, टोपली काखेत घेऊन, पार्किंगमधून सरळ गोदामात यायचे. त्यांना अडवायची छाती कुणाची झाली नाही. डॉक्टर म्हणाले, छातीचा जुना त्रास असावा. असेल. उन्हानं गेले असं मी म्हणत नाही. पण ते चार उन्हाळे मी विसरतही नाही, आणि त्यात माझ्या दोन ओळी आहेत हेही विसरत नाही.

यंदाचा दसरा भाऊंच्या मागे आला. सकाळी प्रज्ञा पांढरी साडी नेसून विहारात चालली होती, ती वाट वाकडी करून दुकानाच्या दारात आली. हातात टोपली, टोपलीत झेंडू. "बाबाची हाय. घरी ठेवून काय करू?" म्हणाली आणि माझ्या हातात देऊन निघून गेली. तेव्हा मला भरून आलं... पण रडायला वेळ कुठे होता, साहेब यायचे होते. तेच साहेब. माझं नाव मॅनेजरच्या जागेसाठी वर गेलं आहे आणि त्यांच्याच सहीनं ते ठरायचं आहे, हे दुकानात सगळ्यांना माहीत होतं. शिवाय गोदामात माल वर उचलायची नवी बॅटरीची गाडी आली होती, आणि फोटो तिचाच काढायचा होता.

मी टोपली कमरेवर घेतली आणि एकेक वस्तू पाहत निघाले. शिड्या उलट्या केल्या, चाकं फिरवली, फुलं लावली. रशीदभाई मागून येत होता. नव्या गाडीपाशी आलो. मी त्याला चालवायला सांगितली आणि मध्येच थांबवायला सांगितली. त्यानं ब्रेक दाबला. गाडी थांबली, पण दोन हात पुढं जाऊन. पुन्हा केलं. पुन्हा दोन हात. तिच्यापुढं नेहमी माणूस उभा असतो, खोके लावायला. मी हातात घेतलेलं फूल टोपलीत परत टाकलं. किल्ली काढली आणि खिशात घातली.

साहेब आले, सगळीकडे पिवळं पाहून खूश झाले, आणि नव्या गाडीपाशी येऊन थबकले.

"हिला फूल नाही? संपली का?"

गोदामात सगळे माझ्याकडं पाहत होते. टोपली अजून माझ्या कमरेवर होती, अर्धी भरलेली.

"नाही साहेब," मी म्हणाले. "फुलं आहेत."

आणि त्या महिन्याच्या यादीत, उभ्यानं, त्या गाडीपुढं 'ठीक नाही' लिहून खाली पूर्ण नावानं सही केली. त्याला आज तीन आठवडे झाले. मॅनेजरच्या जागेचं पत्र आलेलं नाही. गाडीचा कारागीरही आलेला नाही. गाडी भिंतीशी उभी आहे आणि तिला कुणी हात लावत नाही. तिच्या वाटचं फूल टोपलीत वाळून चाललं आहे. टोपली मी माझ्या टेबलावर ठेवली आहे, येणाऱ्याला आधी तीच दिसेल अशी.