दावं दिलं नाही

सरांनी माझी फाईल दोन बोटांच्या चिमटीत उचलली. नाकाजवळ नेली. मग वर्गाकडं बघून विचारलं, "मेंढराचा वास येतोय का रे कुणाला?"

वर्ग हसला.

"थांबा, वाचून दाखवतो. मग येईल." त्यांनी एक पान उघडलं आणि नाटकातल्या गावंढळ नोकराचा आवाज काढून वाचायला सुरुवात केली. पान माझं होतं.

"मला काय वाटलं? लाज वाटली. आधी वडिलांची वाटली. मग..." इथं ते थांबले. पुढचा शब्द त्यांनी वाचला नाही. पुढं मी 'सरांची' असं लिहिलं होतं.

"ह्याला चिंतन म्हणतेत व्हय? ही चहाडी हाय. फाड हे पान. उद्या दुसरं लावून आण. काय लिहायचं ते मीच सांगतो, घे लिहून." आणि भर वर्गात त्यांनी मला मजकूर सांगितला. पाहुण्यांची सेवा करण्याची संधी मिळाली. सहकार्याचं महत्त्व कळलं. मनाला समाधान वाटलं.

मी उभा होतो. हातात पेन होतं. मी लिहून घेतलं नाही.

गुलबर्ग्यातल्या बी.एड. कॉलेजातली ही गोष्ट. मी कोहिनूर गावाकडचा, धनगराच्या घरातला. घरातला पहिला पदवीधर. माझा विषय गणित. कॉलेजात मराठी माध्यमाची आमची तुकडी लहान होती आणि ती या सरांच्या ताब्यात होती. सर मोठ्या शेतीवाडीच्या घरातले. मराठी, कानडी, दखनी, तिन्ही भाषांत अपमान करता येणारे. कॉलेजच्या भिंतीवर श्रमाची थोरवी सांगणारं वचन निळ्या रंगात रंगवलेलं होतं. सर रोज त्याच्या खालून जायचे.

त्या वर्षी कॉलेजात पोर्टफोलिओ नावाची गोष्ट नवी आली. शिक्षक म्हणून आपण कसे घडत गेलो ते दाखवणारी फाईल. तिच्यात पाठांच्या टाचणांबरोबर चिंतनाची पानं लावायची. प्रत्येक पानावर चार प्रश्न. काय घडलं? मला काय वाटलं? मी काय शिकलो? पुढं काय करीन? फाईलला पन्नास गुण, सगळे सरांच्या हातात.

पहिल्याच दिवशी सर म्हणाले होते, "खरं लिहा. खोटं चिंतन म्हणजे स्वतःचीच फसवणूक."

हे वाक्य तुकडीत मी एकट्यानंच खरं मानलं. बाकीच्यांनी स्टेशनजवळच्या झेरॉक्सवाल्याकडून एक तयार नमुना आणला आणि पानामागून पान उतरवलं. आमच्या तुकडीत सगळ्यांना एकाच दिवशी, एकाच शब्दांत आनंद होत होता. 'आजचा पाठ घेताना मला अतिशय आनंद झाला.' सरांनी त्या पानांवर 'उत्तम' असे शेरे दिले. वाचून दिले की न वाचता, ते सांगता येणार नाही. दोन्ही सारखंच वाईट.

मी मात्र खरंच लिहीत गेलो. गणिताच्या माणसाला प्रश्न दिला की उत्तर काढावंच लागतं. एकदा सहावीला अपूर्णांक शिकवून आलो आणि लिहायला बसलो. लिहिताना लक्षात आलं, मी सगळे प्रश्न पुढच्या दोन बाकांना विचारले होते. मागं तांड्यावरची पोरं होती. त्यांच्याकडं मी पाहिलंसुद्धा नव्हतं. मी ते तसंच लिहिलं. पुढचा पाठ मागच्या बाकापासून सुरू केला. त्या चार प्रश्नांचा उपयोग असा असतो, हे मला कुणी शिकवलं नव्हतं. लिहिता लिहिता कळलं. वर्गात कुणाला मागं बसवलंय हे दिसायला लागलं की आपल्याला कुठं उभं केलंय तेही दिसायला लागतं. सरांनी हे हिशेबात धरलं नव्हतं.

मग अंतिम पाठाचे दिवस आले. परीक्षक बाहेरून येणार होते. पाहुणचाराची चर्चा चालली असताना सरांनी मला बोलावलं.

"तुमच्यात मेंढरं हायत की. एक चांगला मेंढा आणायला सांग तुझ्या बापाला. सोलून देशील न्हवं? तुमच्यात रोजचंच."

रोजचं नव्हतं. आमच्या घरी मेंढरं राखत, कापत नसत. गावात ते काम मुलाणी करी. स्वतः वाढवलेल्या जनावरावर अप्पांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, कधी सुरी धरली नाही. मी तर नाहीच. हे मी सरांना सांगितलं नाही. पन्नास गुण त्यांच्या हातात होते. "व्हय सर," म्हणालो.

अप्पा स्वतः आले. तुरीच्या ट्रकात, पोत्यांवर बसून, मेंढा मांडीशी धरून. लेकाच्या गुरूला भेट द्यायची म्हणून कळपातला सगळ्यांत देखणा निवडला होता. डोक्याला धुतलेला पटका. ऑफिसच्या पायरीखाली चपला काढल्या आणि हात जोडले.

"लेकराकडं ध्यान असू द्या, सर."

सरांनी वर बघितलं नाही. "मागच्या दारानं घे. हितं लेंड्या पाडील."

मागच्या अंगणात आचारी सुरी घेऊन बसला होता. अप्पांनी मेंढ्याच्या पाठीवरून एकदा हात फिरवला, तोंड फिरवलं आणि बाजूला झाले. मी पाय धरले. आचाऱ्यानं सुरी चालवली. कातडं सोलायला त्यानं मला बसवलं. मला जमत नव्हतं. "धनगर म्हणं!" तो म्हणाला.

सगळं झालं तरी अप्पा दारातच उभे. सर बाहेर आले.

"आता काय पायजे?"

"दावं, सर."

"काय?"

"मेंढ्याचं दावं. जनावर द्यावं, दावं देऊ न्हाई. दावं गेलं की मागं काय ऱ्हात न्हाई, सर."

आमच्याकडं ही रीत आहे. विकलेल्या, दिलेल्या जनावराच्या गळ्यातली दोरी मालक परत घेतो. लहान पोरालाही हे ठाऊक असतं. सरांच्या घरी गोठा होता, त्यांनाही ठाऊक असणार. पण सर मोठ्यानं हसले आणि आतल्या परीक्षकांना ओरडून म्हणाले, "बघा की! मेंढा फुकट दिला अन् सुतळीसाठी रडायलाय!" आत हशा झाला.

तेव्हा मला लाज वाटली. अप्पांची. म्हातारा हे कामून मागायलाय, असं मनात आलं. दावं रक्तात पडलं होतं. मी ते उचललं, बादलीत खळबळलं आणि अप्पांच्या हातात दिलं. अप्पांनी ते पिळलं, नीट गुंडाळलं आणि पटक्यात खोचलं. हसणाऱ्यांकडं त्यांनी पाहिलंही नाही. त्यांना जेवायला कुणी थांबा म्हणालं नाही. ते चालत स्टँडकडं गेले. त्यांची पाठ दिसत होती तोवर माझी लाज फिरली. वडिलांवरून उठली आणि जिथं बसायला पाहिजे होती तिथं जाऊन बसली.

जेवणाच्या वेळी मी वाढायला भांडं उचललं. सर म्हणाले, "तू नको. कपड्याला वास मारायलाय. मागंच थांब."

मटणाला वास नव्हता. मला होता.

माझा पाठ सगळ्यांत शेवटी ठेवला. परीक्षक दात कोरत बसले होते. दोन उदाहरणं फळ्यावर झाली आणि म्हणाले, बस.

त्या पाठाचं चिंतन म्हणून मी जे पान लिहिलं, ते हे. काय घडलं, ते वर सांगितलंय तसंच लिहिलं. काय वाटलं, तेही. मी काय शिकलो? याचं उत्तर एका ओळीत होतं: पाहुण्यांना मेंढा चालतो, मेंढपाळ चालत नाही. चौथा प्रश्न मात्र कोरा राहिला. पुढं काय करीन, हे मला माहीत नव्हतं. सरांनी तिथं लाल पेनानं 'अपूर्ण' असं लिहिलं आणि फाईल वर्गात आणून वास घेतला.

वर्ग सुटल्यावर अक्कानं मला व्हरांड्यात गाठलं. ती भालकीकडची, दोन लेकरांची आई, तुकडीत सगळ्यांत मोठी, म्हणून सगळ्यांची अक्का. ती वर्गात हसली नव्हती.

"फाड की रे बाबा ते पान. एका पानासाठी नोकरी कामून घालवायलास?"

"खरं हाय त्ये, अक्का."

"खरं हाय म्हणून तर फाड म्हणायलेय! माझी फाईल बघ. पयल्या पानापासून समदी लबाडी. पर पास तर व्हईन. खऱ्याचं काय लोणचं घालायलास?"

ती चूक बोलत नव्हती. सरकारी शाळेत निवड गुणांवर व्हायची. पहिला वर्ग असेल तर यादीत नाव, नसेल तर खाजगी शाळेत, म्हणेल त्या पगारावर. धाकटा भाऊ कोळारला गोदामात पोती उचलत होता, माझी फी भरावी म्हणून. हे सगळं मी त्या रात्री मांडून पाहिलं. बेरीज प्रत्येक वेळी एकच येत होती. पान फाडावं.

दुसऱ्या दिवशी सरांनी सगळ्यांसमोर फाईल मागितली. उघडली. पान जागेवर होतं. फक्त चौथ्या प्रश्नाखाली नवी ओळ होती. पुढं काय करीन? हे पान फाडणार नाही.

"हे काय?"

"चौथं उत्तर अपूर्ण होतं, सर. पूर्ण केलं."

या वेळी कुणी हसलं नाही.

"गुण माझ्या हातात हायत. ठाव हाय न्हवं?"

"ठाव हाय."

"मग?"

"मेंढा दिला, सर. पान देणार नाही."

मला पन्नासपैकी अठरा मिळाले. काठावर पास. तुकडीत इतरांना कमीत कमी एकेचाळीस होते. माझा पहिला वर्ग अकरा गुणांनी गेला. वजाबाकी कुणीही करून पाहावी. सरकारी यादीत माझं नाव लागलं नाही. पुढं वयाची अट उलटली. मी खाजगी शाळेत गणित शिकवतो. सही एका आकड्यावर करतो, पगार दुसराच घेतो. घर चालतं, ओढून. सत्याचा विजय वगैरे झाला नाही. तसं कुणाला वाचायचं असेल तर त्यानं झेरॉक्सवाल्याकडं जावं.

आता सर निवृत्त होत आहेत. गौरवग्रंथ निघतोय. माजी विद्यार्थ्यांनी आठवणी लिहून पाठवायच्या आहेत. अक्का समितीवर आहे. तिचा फोन आला. "लिही रे दोन पानं. अन् चांगलंच लिही बाबा. म्हातारे झालेत आता सर."

म्हातारे झाले म्हणून घडलेलं बदलत नाही. माझे अप्पाही म्हातारे होते, जेव्हा ते त्या दारात उभे होते.

म्हणून हे लिहिलं. माझी आठवण हीच आहे. मला दुसरी नाही. मी सरांना माफ केलेलं नाही आणि तसं कुठं लिहूनही देणार नाही. सोबत त्या पानाची प्रत जोडली आहे, लाल शेऱ्यासकट. मूळ पान देणार नाही. समितीला छापायचं तर छापावं. फाडायचं तर त्यांनी स्वतःच्या हातानं फाडावं. एक शब्द बदलून मागितला तर मिळणार नाही.

अप्पा गेले. कळप गेला. दावं आहे. माझ्या घरात, दाराजवळच्या खुंटीला. मूळ पानाची फाईल मी त्याच दाव्यानं बांधून ठेवली आहे.