सही न करणारी कंडक्टरबाई

मुख्याध्यापकांनी टेबलावरून एक टाइप केलेला कागद पुढे सरकवला. वर लिहिलं होतं, ‘मी स्वखुशीने माझ्या मुलीचा दाखला काढून घेत आहे.’ खाली सहीपुरती जागा मोकळी.

कंडक्टरबाईंनी तो दोनदा वाचला. ड्युटीवरून थेट आल्यामुळे अंगावर गणवेश होता, खांद्याला तिकिटांची बॅग.

“खुशी कोणाची, सर?” त्यांनी विचारलं.

“अहो, मुलीच्याच भल्यासाठी आहे. तिला जमेल अशी एखादी शाळा बघा. परवा तिने पुस्तक टराटरा फाडलं. बाकीच्या पालकांच्या तक्रारी आहेत.”

“मी सही करत नाही,” बाई म्हणाल्या आणि उठल्या.

सतरा वर्षं त्या बसवर होत्या. दारात लोंबकळणाऱ्यांना आत ढकलणं, दारू पिऊन चढलेल्याला पुढच्या थांब्यावर उतरवणं, हे सगळं आवाज न चढवता करायची त्यांची ख्याती होती. पण शाळेच्या दारात आतापर्यंत दोनदा त्यांचा आवाज बसला होता. भिंगरीची ही तिसरी शाळा. पोरीला भिंगरी म्हणायचे कारण ती एका जागी टिकत नसे. नऊ वर्षांची, तिसरीत. तोंडी हिशेब चुटकीसरशी करायची, एकदा ऐकलेली गोष्ट शब्दन्‌शब्द सांगायची, पण पुस्तक समोर आलं की अक्षरं तिच्याशी वैर धरायची. पहिल्या दोन शाळांनी असंच गोड बोलून वाटेला लावलं होतं आणि बाईंनी मुकाट्याने सह्या केल्या होत्या.

घरी नवऱ्याने हातावरचं पॉलिश पुसत विचारलं, “कशाला वाकडं घ्यायचं? बघू की दुसरी.”

“आणि तिथून पाचवी शाळा? पोर आहे की पार्सल?”

नवऱ्याने पॉलिशचं फडकं बाजूला ठेवलं. फर्निचरच्या कारखान्यात तो दिवसभर लाकूड घासायचा. बोलणं त्याला जड जाई. एवढंच म्हणाला, “मग तू सकाळची ड्युटी बदलून घे. संध्याकाळी मी बघतो तिला.”

सोमवारी घंटा व्हायच्या आधी कंडक्टरबाई वर्गाच्या दाराशी हजर. वर्गाच्या बाई तरुण होत्या, खडूने हात पांढरे झालेले. त्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या.

“माझी तपासणी करायला आलात का?”

“नाही हो. माझ्याच मुलीची. मागे बसते, तोंड उघडणार नाही.”

त्या छोट्या बाकात गुडघे हनुवटीला लागत होते. दोन दिवस काहीच घडलं नाही. भिंगरी उत्तरं देत होती, शेजारणीच्या कानात काहीतरी सांगून तिला हसवत होती. तिसऱ्या दिवशी उभं राहून वाचायचा तास आला. एकेक मूल क्रमाने उठू लागलं. कंडक्टरबाईंनी पाहिलं, भिंगरी बोटांवर मोजत होती. आपल्या आधी किती जण आहेत ते. पाच उरले तेव्हा तिने ओठ चावला. तीन उरले तेव्हा पाय थरथरू लागले. एक उरला आणि पोर बाकाखाली. वर्गात खसखस पिकली. शिक्षिका तेव्हा फळ्याकडे वळून कठीण शब्द लिहीत होत्या. मागे वळल्या तेव्हा त्यांना दिसला तो फक्त दंगा.

मधल्या सुट्टीत कंडक्टरबाईंनी सगळं सांगितलं. शिक्षिका वैतागल्या. “मला अठ्ठेचाळीस मुलं आहेत. प्रत्येकाचे पाय कधी बघू?”

“माझ्या गाडीत ऐंशी असतात. त्यातल्या एकाला उलटी होणार असते. चेहरा बघून आधीच खिडकीत बसवावं लागतं, नाहीतर सगळ्यांचेच कपडे धुवायला जातात.”

शिक्षिकेला हसू आवरेना. मग एकदम गंभीर होऊन त्यांनी विचारलं, “डॉक्टरांना कधी दाखवलंय का हिला?”

कंडक्टरबाईंनी नजर चुकवली. दाखवलं होतं. दोन वर्षांपूर्वी. वाचन-लेखनाची अडचण आहे, बुद्धीत काही कमी नाही, असं त्या अहवालात स्वच्छ लिहिलं होतं. तो कपाटात चादरींच्या घडीखाली पडून होता. पोरीच्या कपाळावर शिक्का बसेल या भीतीने त्यांनी तो एकाही शाळेला दाखवला नव्हता.

दुसऱ्या दिवशी त्यांनी आणून दिलेला तो अहवाल शिक्षिकेने वाचला आणि त्यांचा चेहरा लाल झाला. “शाळा सुरू झाल्यापासून मी तिला सगळ्यांदेखत आळशी म्हणतेय. आणि तुम्ही मला म्हणू दिलंत.”

 “चुकले,” कंडक्टरबाई म्हणाल्या. “पण आता लपवणार नाही. तुम्हीही हात झटकू नका.”

दोघींनी मिळून एक पानभर लिहून काढलं. भिंगरीला वर्गासमोर वाचायला लावायचं नाही. उद्याचा धडा आदल्या दिवशी घरी द्यायचा. परीक्षा शक्य तिथे तोंडी. जीव घाबरा झाला की तिने बाकावर लाल खडू उभा ठेवायचा आणि नळापर्यंत जाऊन परत यायचं. एका वहीत रोज शिक्षिकेची एक ओळ, घरची एक ओळ.

ते पान घेऊन दोघी मुख्याध्यापकांकडे गेल्या.

“असं एकेकासाठी करत बसलो तर शाळा कशी चालायची?” ते म्हणाले.

“सर, वर्ग माझा आहे. मी करणार आहे,” शिक्षिका म्हणाल्या.

कंडक्टरबाई पुढे झुकल्या. “जमत नसेल तर तसं लिहून द्या. या मुलीला आम्ही शिकवू शकत नाही, असं, शाळेच्या शिक्क्यानिशी. मी आत्ता तिला घेऊन जाते आणि तो कागद वर कुठे दाखवायचा ते मी बघते.”

मुख्याध्यापकांनी पेनाचं टोपण काढलं. परत लावलं. शेवटी सहामाहीपर्यंत मुदत दिली.

चमत्कार वगैरे काही झाला नाही. वहीत ‘आज खडू चार वेळा’ अशी ओळ आली, ‘आज रडली’ अशीही आली. घरी नवरा मोठ्याने, अडखळत तिच्याबरोबर धडा वाचायचा आणि तो चुकला की भिंगरी टाळ्या पिटायची. सहामाहीत ती लेखी गणितात नापास झाली आणि तोंडीत वर्गात दुसरी आली. मुख्याध्यापकांनी निकालपत्रावर काही शेरा लिहिला नाही, पण मुदतीचा विषयही पुन्हा काढला नाही.

मग एका दुपारी बसमध्ये एक गृहस्थ तिकीट घेता घेता कुजबुजले, “बाई, तुमच्या मुलीबद्दल ऐकलं. माझा मुलगा त्याच शाळेत आहे. त्यालाही... म्हणजे, तसंच.”

“मोठ्याने बोला,” कंडक्टरबाई म्हणाल्या. “चोरी केलीय का त्याने? अहवाल असेल तर उद्या आधी त्याच्या शिक्षिकेला दाखवा. मी येते बरोबर.”

त्या आठवड्यात अहवाल घेऊन ते गृहस्थ शाळेत आले, आणखी दोन आया आल्या. मुख्याध्यापक खोलीबाहेर आले तेव्हा चौघं जण पोरांच्या बाकांवर गुडघे दुमडून रांगेने बसले होते.

“परत तुम्ही?”

“हो, आणि आज एकटी नाही,” कंडक्टरबाई म्हणाल्या आणि बाजूला सरकून त्यांनी मुख्याध्यापकांनाही बसायला जागा करून दिली.