आजीची चार बोटं

माझी आजी चतुराबाई हिनं वडगाव निंबाळकरच्या एसटी स्टँडमागं तीस वर्षं बायकांचे केस कापले. दुकानात एकच खुर्ची. तिच्यात बसलेल्या बाईला ती आधी डोळे मिटायला लावायची. "कापणाऱ्यावर इस्वास टाक, न्हायतर घरी जा," म्हणायची. बायका निमूट डोळे मिटायच्या.

मी पुण्यात सहा महिन्यांचा कोर्स करून आले आणि तिच्याशेजारी माझी खालीवर होणारी खुर्ची टाकली. भिंतीवर सर्टिफिकेट लावलं. तीन महिने त्या खुर्चीत फक्त आमचं मांजर बसलं. बायका बाकावर तासभर ताटकळत, पण माझ्याकडे फिरकत नसत. गावाला कलेची जाण नाही, असं माझं मत झालं.

शेवटी आजीच माझ्या खुर्चीत येऊन बसली. दुसऱ्या दिवशी इंदापूरला तिच्या भाचीच्या मुलाचं लग्न होतं. "मेघे, उन्हाचं ह्या केसांचं वझं झालंय. चार बोटं," म्हणाली आणि तिनं डोळे मिटले.

आजीच्या दुकानात सांगितलेली बोटं कापायची असतात. आमच्या कोर्सात सांगितलेली लांबी ठेवायची असते. मी चार बोटं ठेवली. पाठीपर्यंतचे केस फरशीवर पडले तरी मला शंका आली नाही. उलट आजी या वयात किती मॉडर्न, म्हणून मी खूश.

तिनं डोळे उघडले. आरशात बराच वेळ पाहिलं, उघड्या मानेवरून हात फिरवला. तिचा चेहरा बघून माझ्या डोक्यात प्रकाश पडला आणि मी दाराकडे सरकले. "हलकं वाटतंय," एवढंच ती म्हणाली. लग्नातही तिनं डोक्यावर पदर घेतला नाही.

पुढच्याच आठवड्यात शेजारच्या सारजाकाकू माझ्या खुर्चीत बसल्या. मग त्यांची सून, मग अख्खी आळी. मी समजायचं ते समजले. आजीचा कट बघून गाव माझ्या हातावर फिदा झालं होतं. कोर्सच्या ग्रुपवर मी फोटो टाकले. ज्यांचे दोन कान दोन उंचीवर दिसत होते, त्यांचे तेवढे टाकले नाहीत.

सव्वा वर्षानं आजी गेली. तिला शेवटचं विंचरायला मी बसले, तर अंबाड्याला केस पुरेनात. मला रडू आवरेना. सारजाकाकूंना म्हटलं, "माझ्या हातून एवढं चुकलं, पण ती एका शब्दानं बोलली नाही."

"बोलली की," काकू म्हणाल्या. "लग्नावनं आली आन घरोघर फिरली. म्हणली, ह्ये बगा काय केलंय माझं. पोरीला अजून येत न्हाय, पर तुमी बसा तिच्यापुढं. केस काय, उगवत्यात. पोरीचं मन मोडलं तर ती परत कात्री धरायची न्हाय."

आणि मला वाटत होतं, आजीचं दुकान मीच चालवतेय.