जात्यावरची कॉफी

आमच्या गावच्या हॉटेलात वडिलांसाठी वेगळा कप होता. कान तुटलेला, कडेचा टवका गेलेला, मागच्या भिंतीतल्या कोनाड्यात पालथा घातलेला. वडील दिवसभर भातलावणीची मजुरी करून यायचे, तो कप स्वतःच उचलायचे, विसळायचे आणि खाली धरायचे; हॉटेलवाला वरून चहा ओतायचा. पिऊन झालं की पुन्हा विसळून कोनाड्यात. आम्ही दीक्षा घेतली, गावकीची कामं सोडली, मेलेली जनावरं ओढायचं बंद केलं. त्यावर गावानं भाकरी बंद केली. घरात नाचणीची आंबील आणि रानातला पाला यांवर दिवस निघायला लागले. एवढं सगळं बदललं, पण कोनाड्यातला कप कुणी काढला नाही. माझी थोरली बहीण तेव्हा परकर-पोलक्यात होती. वडिलांना बोलवायला ती हॉटेलापाशी जायची आणि घरी येऊन म्हणायची, "म्या एक दिस त्यो कप फोडनार." आई चुलीकडचं तोंड न वळवता म्हणायची, "फोड. दुसरा ठिवतील."

ती बहीण, आमची अक्का, गेल्या महिन्यात गेली. भाच्याचा फोन आला, "मामा, आई गेली. सकाळी कॉफी घेतली, जरा पडते म्हनाली..." वय झालं होतं, आजार असा काही नव्हता. मी एसटी धरली. कापूरहोळला गाडी भोरच्या रस्त्याला वळली तेव्हा सवयीनं मनात आलं, आता अक्का दारातून ओरडणार, "आला का रं आमचा बीये?" मी आमच्या घराण्यातला पहिला पदवीधर. बी.ए. झालो त्या दिवसापासून तिनं माझं नावच टाकून दिलं. मला त्याचा राग कधी आला नाही. चारचौघांत ती 'बीये' म्हणून हाक मारायची तेव्हा माझ्यापेक्षा तिचीच मान ताठ व्हायची.

अक्काचं हॉटेल निघालं ते दाजींमुळं. दाजी पलटणीत स्वयंपाकी होते. बरीच वर्षं दक्षिणेत काढली आणि येताना कॉफीचं वेड घेऊन आले. भोरला एसटी स्टँडच्या मागच्या गल्लीत एका बागवानाची खोली भाड्यानं मिळाली. सत्तर सालाच्या अलीकडची-पलीकडची गोष्ट. मी पुण्यात कॉलेजात होतो. सुट्टीला आलो तेव्हा पाटी मीच रंगवून दिली, 'कॉफी हाऊस'. भिंतीवर बुद्धाची तसबीर लावली. फळीवर नवे कोरे कप एका ओळीत मांडले. दाजी म्हणाले, "बास. आता गिऱ्हाईक आलं की झालं."

गिऱ्हाईक येत नव्हतं. आमची माणसं यायची, बागवान स्वतः यायचा, कापूरहोळकडून आलेले परगावचे ट्रकवाले यायचे. पण स्टँडवर तास तास गाडीची वाट बघणारी खोऱ्यातली शेतकरी माणसं उंबऱ्यापर्यंत यायची, तसबीर बघायची आणि "जरा घाई हाय" म्हणून मागं फिरायची. एकाला तर खरोखरच एवढी घाई होती की तो समोरच्या दगडावर दुपारभर बसून राहिला. शेजारच्या एका दुकानदारानं आपुलकीनं सल्ला दिला, "अक्का, तसबीर तेवढी आतल्या अंगाला घ्या. धंद्यात चालतंय तेवढं." अक्का म्हणाली, "तसबीर आत नेली तर मलाबी आत बसाया लागंल. मग हाटेल कोन चालवनार, तुमी?" दुसऱ्या एकानं सुचवलं की बाकीच्यांसाठी वेगळे कप ठेवा, म्हणजे कुणाची अडचण नको. संध्याकाळी मला म्हणाली, "बघितलंस? आता आपल्या हाटेलातबी कोनाडा करायचा म्हनं." तिला हॉटेल चालायला हवंच होतं, पण एकाच ओळीतल्या कपांवर. ते जमलं नाही तर ती पुन्हा भातलावणीला जायला तयार होती.

कॉफीच्या बिया पुण्याहून यायच्या, भाजलेल्या पण अख्ख्या. गावातल्या गिरणीवाल्यानं हात जोडले, "दगडाला वास लागंल. उद्या गिऱ्हाइकाची भाकरी कडू झाली तर मला मारत्याल." त्याचं खरंच होतं. मग अक्कानं माहेरचं जातं आणवलं. आईनं एसटीच्या टपावर चढवून पाठवलं, कंडक्टरशी भांडून. पहिल्या दिवशी अक्कानं जातं नुसतं झटकलं आणि बिया घातल्या. दगडी पाळूच्या खाचांत आईची नाचणी बसलेली होती, ती सगळी कॉफीत उतरली. दाजींनी पातेल्यात डाव फिरवला तर डाव उभा राहायला आला. "अगं, ही कॉफी हाय का आंबील?" अक्का म्हणाली, "दोनी हाय. प्या, पोटाला धरंल." एका ट्रकवाल्यानं मात्र दोनदा मागून घेतली आणि पुढच्या फेरीला "ती घट्टवाली नाही का?" म्हणून विचारलं. त्यानंतर जातं धुऊन, पाथरवटाकडून टाकी लावून घेतलं आणि कॉफीपुरतंच ठेवलं.

पण अक्काला मुक्यानं दळता येत नसे. हात फिरला की ओवी आलीच. उलटंही होतंच... नुसतं बसवून "अक्का, एक ओवी सांग" म्हटलं तर तिला एक शब्द आठवायचा नाही. खुंट्याला हात लागला की झऱ्यासारखं वाहायला लागायचं. तोवर गावोगाव गिरण्या झाल्या होत्या आणि बायकांची जाती कोपऱ्यात गेली होती. त्यामुळं स्टँडवर बसलेल्या बायकांच्या कानावर भरदुपारी जात्याची घरघर आणि ओवी पडायला लागली, तशा त्या माना वळवून बघायला लागल्या. उंबऱ्याशी येऊन उभ्या राहायच्या, ऐकायच्या, पुन्हा स्टँडवर जायच्या. आत कुणी येत नव्हतं.

दिवाळीच्या सुट्टीत मी तिथंच होतो. वेल्ह्याकडची एक बाई, धोंडाबाई नावाची, उत्रोलीला दिलेल्या लेकीकडं दिवाळीचा फराळ पोचवून परत निघालेली. गाडी आलेली नव्हती. तीही इतर बायकांसारखी उंबऱ्याशी आली. पण ऐकता ऐकता तिला राहवेना. "अगं, एकटीच काय वडतीस? दोघींचं काम हाय ते," म्हणत ती सरळ आत आली, अक्काच्या समोर मांडी ठोकली आणि खुंट्यावर अक्काच्या हाताखाली आपला हात घातला. जात्याचा आवाजच बदलला. एक ओढायची, दुसरी सोडायची. भावाच्या झाल्या, लेकीच्या झाल्या, सासूवर दोन झाल्या तेव्हा उंबऱ्यातल्या बायका पदर तोंडाला लावून हसल्या. मग धोंडाबाईनं नवी सुरू केली:

एका खुंट्याला दोन हात, बाई तुझा न माझा...

एवढं म्हणून तिनं वर पाहिलं. समोर तसबीर होती. हात थांबला. दाजींनी नेमकं तेव्हाच ताज्या पुडीची कॉफी करून तिच्यापुढं कप ठेवला. धोंडाबाई उठली, गुडघे झटकले आणि म्हणाली, "यष्टी आली जनू." बाहेर गाडीचा पत्ता नव्हता. ती स्टँडवर जाऊन बसली, आमच्याकडं पाठ करून. दाजी चिडले. मी तर कॉलेजातला, रक्त गरम. बाहेर जाऊन चार शब्द सुनावावेत म्हणून उठलोच. अक्कानं मला बसवलं. "गप बस, बीये हुनार हैस ना? खुंट्याला हात लावला तिनं. त्यो काय धुऊन जायाचा न्हाई." तो कप तिनं उचलला आणि ती कॉफी स्वतः प्याली.

त्या दिवसापासून एक नवीनच सुरू झालं. अक्का दळायला बसली की शेवटी धोंडाबाईची ती ओळ म्हणायची आणि तिथंच थांबायची. पुढचं काही जोडायची नाही. मी म्हटलं, "तुला तर पाहिजे तेवढ्या ओव्या सुचतात. घाल की पुढची ओळ." ती म्हणाली, "माजी न्हाई ती. ज्याची त्यानं पुरी करावी." दाजी कपाळाला हात लावायचे. हॉटेल कसंबसं चाललं होतं आणि ही अर्धी ओवी घेऊन बसलेली. पावसाळ्यापर्यंत बघायचं, नाहीतर खोली सोडायची, असं दाजींनी बागवानाला सांगूनही टाकलं होतं. अक्काला ते माहीत होतं. लावणीचं इरलं तिनं माळ्यावरून काढून ठेवलं होतं.

उन्हाळ्यात माझी परीक्षा संपली आणि मी भोरला आलो. त्याच दिवसांत धोंडाबाई लेकीच्या बाळंतपणासाठी आली होती. बाजारचा दिवस होता, स्टँड भरलेलं होतं. धोंडाबाई जावेबरोबर आणि आणखी दोघीतिघींबरोबर सावलीला बसलेली मला दिसली. मी अक्काला सांगितलं नाही. तिचं दळण चालू होतं. शेवटी ती ओळ आली, नेहमीसारखी एकदा म्हटली आणि थांबली. पुन्हा म्हटली आणि थांबली. तिसऱ्यांदा म्हणेपर्यंत धोंडाबाई दारात.

"अगं फुडं म्हन की! सारकं येकच काय लावलंय?"

अक्कानं जातं थांबवलं नाही. "फुडची तुमच्याकडं हाय, मावशी. अर्दीच ठिवून गेला व्हता."

धोंडाबाईनं पदर खोचला. मग आत आली, बसली आणि खुंट्याला हात लावला. दोन-चार फेरे नुसतेच झाले. मग तिनं ओवी पुरी केली:

एका खुंट्याला दोन हात, बाई तुझा न माझा
पिठामंदी वळखून दाव, कंचा दाना गं तुझा...

ही ओळ तिला दिवाळीलाच येत होती की मधल्या काळात तिनं शोधली, ते अक्कानं तिला कधी विचारलं नाही. दाजींचा हात कपाकडं जाईना, म्हणून मीच कॉफी ओतली आणि कप पुढं ठेवला. धोंडाबाईची जाऊ दारातून म्हणाली, "जाऊबाई, घरी काय सांगायचं?" धोंडाबाईनं कप उचलला. "काय सांगायचं? म्याच दळलं, म्याच प्याले." एक घोट घेतला, तोंड वाकडं केलं आणि म्हणाली, "लई कडू हाय गं. जरा गूळ घाल." अक्का हसायला लागली ती थांबेचना. हसता हसता डोळे पुसत होती. दाजींनी डब्यातला गूळ काढला, वर जायफळ घातलं. तेव्हापासून आमच्याकडची कॉफी गुळाचीच झाली. मग जाऊ आत आली, बाकीच्या आल्या. जात्यापुढं पाळी लागली. त्या दिवशी बायकांची गाडी खरोखरच चुकली.

पुढचं फार लांबवत नाही. बाजारच्या दिवशी बायका ठरवून यायला लागल्या, दळायच्या, गायच्या, प्यायच्या. बायका आत बसलेल्या बघून गडीमाणसंही आली. गोंधळी आले, भजनी आले, डफ घेऊन शाहीर आले. अक्कानं नियम करून टाकला, ज्याला गायचं असेल त्यानं आधी जात्याचे चार फेरे ओढायचे. एक नावाजलेले भजनीबुवा पखवाजवाला घेऊन आले आणि फेटा सावरत म्हणाले, "बाई, पुरुषमाणसानं जात्यावर बसायचं? आमच्या गळ्याला मान हाय चार गावांत." अक्का म्हणाली, "गळ्याला मान हाय तर हाताला लाज कशाची, बुवा? हितं हात आधी, गळा मागनं." बुवा बसले. समोर बसायला दुसरं कुणी मोकळं नव्हतं, म्हणून अक्काच बसली. बुवांना ओढ-सोड जमेना, नुसतेच ओढत राहिले आणि फेटा सुटून जात्यात जायला लागला. पण उठून गेले नाहीत. नंतर त्यांनी दुपार उतरेपर्यंत भजनं म्हटली आणि मधेच दळण न करता गायला बसलेल्या आपल्याच पखवाजवाल्याला दरडावलं, "आधी फेरं वड!"

मी नोकरीला लागल्यावर कौतुकानं विजेचं यंत्र आणून दिलं. अक्कानं चालवून बघितलं. त्याच्या आवाजापुढं कुणाचं गाणं ऐकू येईना, तेव्हा तिनं ते गुंडाळून बाजूला ठेवलं आणि म्हणाली, "बीये, चांगलं हाय. पन ह्याला समोर मानूस लागत न्हाई." माझ्या 'कॉफी हाऊस' पाटीचंही तेच झालं. पाटी तशीच राहिली, लोक म्हणायला लागले 'जात्याचं हाटेल'. दाजी गेले, तिचे हात थकले, तरी ती रोज खुंट्याला हात लावून बसायचीच. ओढणारं दुसरं कुणी असलं तरी.

आमच्यात तेराव्याऐवजी पुण्यानुमोदन असतं; अक्काच्या पुण्यानुमोदनाच्या दिवशी खोलीत बसायला जागा नव्हती. धोंडाबाई कधीच गेली, पण तिची उत्रोलीची लेक आली होती. तीही आता म्हातारी झालीय. वंदना झाल्यावर ती जात्यापाशी जाऊन बसली. समोर माझी सून बसली, तिनं जन्मात कधी दळलेलं नाही. दोघींनी खुंटा धरला. खुंटा दोन्ही अंगांनी झिजून मधे उभट कंगोरा राहिलाय, हात आपोआप जागेवर जातात. ओवी मात्र दोघींपैकी एकीला पण धड म्हणता आली नाही, रडू आलं... नुसतं दळलं. भाच्यानं त्याच पुडीची कॉफी केली, गूळ-जायफळ घालून. आमचे, उत्रोलीचे, बागवानाचे नातू, बुवांच्या घरचे, सगळे दाटीवाटीनं बसले होते. मी फळीवरून कप काढून देत होतो. जो हाताला येईल तो, ज्याला मिळेल त्याला.

आमच्या वडिलांच्या गावचं ते हॉटेल कधीच पडलं, कोनाड्यासकट. अक्कानं तो कप फोडला नाही. तिनं पन्नासएक वर्षं भोरात हॉटेल चालवलं आणि त्यात कुणासाठी वेगळा कप ठेवला नाही.