दिनेशकडे आहे तसाच फ्रिज

सांगतो, पण एका अटीवर. हसायचं ते इथेच हसून घ्या, आमच्या आईच्या कानावर जाऊ देऊ नका. कारण तिच्या लेखी तो अजून चमत्कारच आहे!

दिनेश माझा धाकटा भाऊ. लहानपणी सुरमईची मधली तुकडी त्याला आणि शेपटीकडची मला. का? तर मी थोरला, म्हणून समजूतदार! आता सांगा, समजूतदार माणसाला सुरमई आवडत नाही का? तेव्हापासून जे माझ्या पोटात दुखतंय, ते आजतागायत थांबलेलं नाही.

तर या दिनेशने उलव्याला नवीन फ्लॅट घेतला. आम्ही नवरा-बायको बघायला गेलो. साहेब सोफ्यावर बसल्या बसल्या हात लांब करून भिंतीतल्या बुटक्या कपाटाचं दार उघडतात, आणि आत काय? फ्रिज! एवढासा, काचेचं दार, निळा दिवा, बाटल्या कशा शाळेच्या प्रार्थनेला उभ्या राहिल्यासारख्या ओळीत.

"दादा, काय घेतोस? कोकम? सोडा?"

"पाणी," मी म्हणालो. "साधं."

मी जळलो. आता तुमच्यापासून काय लपवायचं? परत येताना गाडीत सुजाता म्हणाली, "छान केलंय ना भावजींनी?" मी द्रोणागिरीला आमचं घर येईपर्यंत तिच्याशी बोललो नाही.

आठवड्याच्या आत तसाच फ्रिज घरी आला. तसाच म्हणजे जवळजवळ तसाच, फक्त थोडा मोठा. दिनेशने सुताराकडून मापाने कपाट करून घेतलं होतं. आमच्या हॉलमध्ये टीव्हीचं रेडीमेड युनिट. मी टेप लावून माप घेतलं, अगदी नीट घेतलं, फक्त बाहेरून घेतलं! लाकडाची जाडी धरायची राहिली. पण हार मानतो तो मी कसला? मागचा प्लाय कापला, वायर बाहेर काढली आणि फ्रिजला कमरेने ढकलत ढकलत आत घातला. डावीकडे तो लाकडाला असा चिकटला की मध्ये पोस्टकार्ड जाईना. तिरका बसल्यामुळे उजवीकडे पुढच्या बाजूला बोटभर फट राहिली, तिथे थर्माकोलचा तुकडा कोंबला.

आता फ्रिज बसला, पण त्याचं दार धड उघडेना. हात तिरका घालून एकेक कॅन काढायचा. शिवाय कोंडलेला असल्यामुळे तो सारखा चालू व्हायचा, आणि चालू झाला की अख्खं युनिट अंगात आल्यासारखं हलायचं. असलं ध्यान दिनेशला काय दाखवणार? मी बाहेरचं लाकडी दार लावून टाकलं. पुढे बघू म्हटलं.

पुढे आला गणपती!

आमचं जासईचं गावचं घर पाडलं, तिथे बिल्डिंग उभी राहतेय. त्यामुळे यंदा घरचा गणपती माझ्याकडे. हॉलमध्ये जागा कुठे? त्या युनिटवर. टीव्ही काढला, मखर मांडलं. सुजाताने दोन-दोनदा विचारलं, "खालचं सगळं काढलं ना? फ्रिज बंद केला ना?"

"केला," मी म्हणालो. केला नव्हता. आत बियर होती हो, विसर्जनानंतरसाठी थंड करत ठेवलेली. दार लावलं की कपाटच दिसतं, कोणाला कळतंय?

पहिल्या दिवशीची आरती. भावकीतला सगळा गोतावळा जमलेला. आरती संपली, क्षणभर शांतता, आणि खाली फ्रिज चालू झाला! मखराची घंटी किणकिणली. मुकुटावरच्या दूर्वा थरथरल्या.

"देव हलला!" धोंडूकाका ओरडले. हे वडिलांचे थोरले भाऊ, घरातले सगळ्यात वडीलधारे. "बगितलंस काय रं? देव हलला!"

आईने हात जोडले. डोळ्यांत पाणी. आणि सगळ्यांसमोर म्हणाली, "माज्या थोरल्याच्या घरात देव जागा हाय."

माझ्या थोरल्याच्या! अहो, उभ्या आयुष्यात पहिल्यांदा! आणि दिनेशचं तोंड? एवढंसं झालेलं. सांगायला हवं होतं मी तेव्हाच, कळतंय मला. पण ते तोंड बघितल्यावर तुम्ही तरी सांगितलं असतंत का?

दुसऱ्या दिवसापासून अख्खी सोसायटी आमच्या हॉलमध्ये! कोणी नारळ आणतंय, कोणी मुलाच्या नोकरीसाठी मागणं मागतंय. मीही जरा वाहवलो. "आमच्याकडचा देव कडक आहे," असं लिफ्टमध्येसुद्धा सांगत सुटलो.

गौरी जायच्या आदल्या दिवशी दिनेश म्हणाला, "दादा, पुढच्या वर्षी माझ्याकडे आणू ना? एक वर्ष तुझ्याकडे, एक वर्ष माझ्याकडे."

किती सरळ बोलला, नाही? पण माझ्या डोळ्यांपुढे तो निळा दिवा आला. फ्रिज याचा, सुरमई याची, आता देवही याचा?

"देव काय वाटून घ्यायची जमीन आहे?" मी कडाडलो. "काका, कौल लावा! देव सांगेल त्याच्याकडे. कायमचा!"

आमच्यात घरात अडलं की देवाला कौल लावतात. एरवी गावदेवीपुढे, पण काका म्हणाले, "घरात देव बसलाय तं लांब कनाला जायचा?" त्यांनी फुलाच्या दोन पाकळ्या ओल्या करून देवाच्या खांद्यांवर चिकटवल्या. आम्ही समोर उभे. आमच्या उजवीकडची आधी पडली तर थोरल्याकडे, डावीकडची पडली तर धाकट्याकडे.

मी निवांत. देव माझ्या घरात जागा आहे! खरं सांगू? पाच दिवस लोकांना सांगून सांगून माझाही त्यावर विश्वास बसला होता. फ्रिज पार विसरलो होतो मी!

हॉलमध्ये चिडीचूप. आणि खालून आवाज आला... घर्रर्र!

मी गारठलो. उजवीकडे थर्माकोल. डावीकडे फ्रिज थेट लाकडाला. युनिटची डावी बाजू थडथडली आणि डावी पाकळी टपकन खाली!

"काका, थांबा!" मी ओरडलो.

"काय रं?"

काय सांगणार? दार उघडून दाखवणार? देवाच्या पायाशी थंडगार बियर? सुजाताला एव्हाना आवाज कळला होता. ती माझ्याकडे ज्या नजरेने बघत होती, त्यापुढे कौल परवडला!

"काही नाही," मी म्हणालो. "पाकळी उचला, पायदळी येईल."

"देवानं सोता सांगितलं," आईने निकाल दिला. "आता कोनी काय बोलायचं नाय."

विसर्जन झालं. आठवड्याने दिनेशचा फोन. "दादा, आई बोलते देव इकडे हॉलमध्येच बसवायचा. मग खाली फ्रिज, बाटल्या, बरं नाय वाटत रे. मी काढतोय तो. तुझी नजर होती ना त्याच्यावर? घेऊन येतो."

आणि आणला की हो, स्वतः उचलून! तो गेल्यावर मी माझा फ्रिज ओढून काढला, त्याचा आत सरकवला. काय सांगू, आमच्या रेडीमेड युनिटमध्ये बरोब्बर बसला! दार सताड उघडतं, निळा दिवा लागतो, आवाज म्हणून नाही. वर पाण्याने काठोकाठ भरलेला पेला ठेवा, थेंब सांडणार नाही.

पेलाच ठेवतो आता. देव उलव्याला आहे.