धुतलेल्या चकत्या

चूक माझी होती आणि ती मी वडिलांच्या नावावर खपवली. कारणं मला बरीच सांगता येतील. ती साथ, ती भीती, कारखान्यातल्या पाळ्या. पण ज्या क्षणी मी खोटं बोललो, त्या क्षणी मला कसलीच भीती वाटत नव्हती. फक्त लाज वाटत होती, आणि ती दुसऱ्या कुणाच्या तरी अंगावर ढकलायची होती.

आई गेल्यानंतर बाबा पहिल्यांदाच आमच्याकडे आयर्लंडला आले, ते २०२० च्या फेब्रुवारीत. दोन-तीन महिने राहून परत जायचं असं ठरलं होतं. मार्चमध्ये सगळं बंद झालं आणि ते डब्लिनजवळ ल्यूकनच्या आमच्या घरात अडकले. सत्तरीपुढच्यांनी घराबाहेर पडू नये असा सरकारचा हुकूम होता. त्यामुळे त्यांचं जग म्हणजे पुढची खोली, स्वयंपाकघर आणि मागचं लहानसं परस.

परसाच्या भिंतीपलीकडे एक आयरिश आजोबा एकटे राहायचे. आठ-दहा वर्षांच्या शेजारात आमचं त्यांच्याशी बोलणं म्हणजे हवापाणी आणि कचऱ्याचे डबे. बाबांनी एका आठवड्यात त्यांचं अख्खं तारुण्य बाहेर काढलं. आजोबा विशीत आयर्लंडच्या पश्चिमेकडच्या खेड्यातून बॉस्टनला गेले होते. तिथे ते पहाटे दूध-पावाची गाडी चालवायचे. त्यांची बायको त्यांना तिथेच भेटली, एका औषधांच्या दुकानात. त्या काळी अमेरिकेत औषधांच्या दुकानातच एका बाजूला लांब काउंटर असायचा, उंच स्टुलं असायची आणि सोडा-आइस्क्रीम मिळायचं. काउंटरमागे पांढरी टोपी घातलेली ती मुलगी उभी असायची.

बाबा अमेरिकेला कधीच गेले नव्हते. पण शाळकरी वयात पुण्यात रद्दीवाल्याच्या दुकानात बसून त्यांनी अमेरिकन मासिकांचे गठ्ठेच्या गठ्ठे वाचले होते. लेख कमी, जाहिराती जास्त. माशाच्या परांसारख्या शेपट्यांच्या लांबलचक गाड्या, दार उघडून उभे असलेले फ्रिज आणि त्यांच्याशेजारी हसणाऱ्या बायका.

"त्या प्रत्येक फ्रिजमध्ये एक मोठा गुलाबी गोळा असायचा," बाबा मला जेवताना म्हणाले. "साठ वर्षं मला वाटत होतं कलिंगड असेल. आज कळलं. डुकराची तंगडी रे!" आणि पोळीचा घास हातात धरून हसत सुटले. आई गेल्यापासून मी त्यांना असं हसताना पाहिलं नव्हतं.

दुपारी दोघं भिंतीच्या दोन बाजूंना खुर्च्या टाकून बसायचे. माझं काम आठवड्यातले काही दिवस घरून असायचं, तेव्हा खिडकीतून ऐकू यायचं.

"मी अकरा वर्षं राहिलो तिथं, पण गाडी स्वतःची कधी झाली नाही," आजोबा म्हणत. "आणि तू एकदाही गेला नाहीस, तरी तुला प्रत्येक गाडीचं साल माहीत! यातला खरा अमेरिकन कोण?"

"गाडी मलाही कधी घेता आली नाही," बाबा म्हणायचे. "म्हणजे आपण दोघंही नाही."

एक दिवस आजोबांनी भिंतीवरून एक पत्र्याचा डबा दिला. त्यात डोळ्यांना लावून बघायचं ते यंत्र होतं. कागदी चकती आत सरकवायची, खटका दाबायचा, की पुढचं चित्र. आपल्याकडे मुलांच्या हातात असायचं, ताजमहाल आणि जिराफ दाखवणारं. पण आजोबांच्या चकत्या दुकानातल्या नव्हत्या. तरुणपणी हौसेनं घेतलेल्या दोन भिंगांच्या कॅमेऱ्यानं त्यांनी स्वतः काढलेली चित्रं त्यांत होती. बाबांनी मलाही बघायला लावली. भाड्याची खोली, खिडकीत दुधाच्या बाटल्या. मैदानात रांगेनं उभ्या गाड्या आणि समोर सिनेमाचा प्रचंड पडदा. आणि काउंटरमागची ती मुलगी, हातात उंच पेला, इतकी जवळ की हात पुढे केला असता तर पेला घेता आला असता.

"एका वेळी एकच चकती बघतो मी," बाबा म्हणाले. "संपायला नकोत."

मी जवळच्या लिक्सलिपला संगणकाच्या चिपच्या कारखान्यात काम करतो. तिथे धुळीचा कण आत जाऊ नये म्हणून आम्ही डोक्यापासून पायापर्यंत पांढरे कपडे घालतो, प्रत्येक वस्तू अल्कोहोलनं पुसून आत नेतो. ती सवय त्या वसंतात मी घरी आणली. दुधाचे डबे, कोथिंबीर, किल्ल्या, सगळं धुवायचो. बाबांना काही झालं तर ते माझ्यामुळेच होईल, हे डोक्यात पक्कं बसलं होतं. आणि इथे दोन म्हातारे एकच यंत्र आळीपाळीनं डोळ्यांना लावत होते.

एका सकाळी पाळी संपवून आलो. बाबा झोपले होते. मी यंत्र पुसलं. मग सिंकमध्ये गरम पाणी आणि भांड्यांचा साबण घेऊन त्यात सगळ्या चकत्या टाकल्या, आणि आंघोळीला गेलो. परत आलो तेव्हा कागद फुगून उकलला होता आणि फिल्मच्या चिमुकल्या तुकड्यांवरचा रंग सुटून पाण्यात आला होता. एक तुकडा उजेडात धरला. तपकिरी डागाशिवाय त्यात काही उरलं नव्हतं.

बायको मागे येऊन उभी राहिली होती. ती म्हणाली, "आत्ताच जा आणि सांगून टाक. उद्या जास्त अवघड होईल."

मी गेलो नाही. चकत्या खोली गरम करणाऱ्या रेडिएटरवर जेमतेम वाळवल्या, डब्यात भरल्या आणि बाबा उठायच्या आत डबा आजोबांच्या दारात ठेवून आलो. बाबांना म्हटलं, परत मागितला त्यांनी.

"असं? एक चकती राहिली होती," ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी मी कचरा टाकत असताना आजोबा भिंतीपाशी आले. डबा त्यांच्या हातात होता. त्यांनी काही विचारायच्या आत मीच बोललो.

"बाबांचं वय झालंय हो. रात्रभर बाहेर विसरले, पाऊस लागला. त्यांना फार लाज वाटतेय. कृपा करून त्यांच्याजवळ विषय काढू नका."

हे शेवटचं वाक्य कुठून सुचलं मला? खोटं पकडलं जाऊ नये म्हणून मी एका भल्या माणसाच्या भलेपणाला कुलूप लावलं. आजोबांनी डबा काखेत धरला. मग इथली माणसं पाय मोडला तरी 'ठीक आहे' अशा अर्थानं जे म्हणतात तेच म्हणाले, "ग्रँड. इट्स ग्रँड." आणि आत गेले.

त्यानंतर त्यांची खुर्ची बाहेर आली नाही. बाबा रोज दुपारी जाऊन बसायचे. भिंतीकडे तोंड करून, स्वेटर घालून.

"मी त्यांना काही वेडंवाकडं बोललो का रे?"

"नाही हो बाबा. त्यांना बाहेर पडायची बंदी आहे."

"स्वतःच्या परसात कसली बंदी?"

फोन आल्याचं निमित्त करून मी आत गेलो.

ऑगस्टमध्ये भारतात जाणाऱ्या खास विमानात जागा मिळाली. निघताना बाबांनी भिंतीवरून हाक मारली. आजोबा स्वयंपाकघराच्या खिडकीत आले, त्यांनी हात वर केला, बाहेर आले नाहीत. विमानतळाच्या रस्त्यावर बाबा मास्कआडून म्हणाले, "माझ्याकडून काहीतरी झालं असणार. तुला कळलं तर सांग. या वयात कुणाला दुखवून जायला नको." मी गाडी चालवत राहिलो.

पुढच्या एप्रिलमध्ये पुण्यात बाबांना कोविड झाला. बेड मिळाला, ते वाचलेही, पण घरी आले ते ऑक्सिजनच्या यंत्रासकट. ताई त्यांच्याकडे राहायला गेली. एकदा फोनवर ती सहज म्हणाली, "अरे, तुझ्या शेजाऱ्याचं काय प्रकरण आहे? तापात सारखे म्हणत होते, त्याला सॉरी म्हणायचं राहिलं."

त्या दुपारी मी आजोबांच्या दारावर गेलो. ते वर्षभरात खूप वाकले होते. उंबऱ्यापासून दोन पावलं मागे उभं राहून मी सगळं सांगितलं, गरम पाण्यापासून पावसाच्या थापेपर्यंत.

"तिचा काउंटरमागचा तेवढा एकच फोटो होता," ते शेवटी म्हणाले. "ते असू दे. गेलं ते गेलं. पण मला तुझ्या वडिलांचा राग आला नव्हता. मी बाहेर आलो असतो तर फोटो गेल्याचं दुःख माझ्या तोंडावर दिसलं असतं, आणि तू म्हणालास त्याला लाज वाटते. म्हणून मी आत बसून राहिलो. पूर्ण उन्हाळा. मला काय तो बाहेर बसलेला दिसत नव्हता?"

मी सॉरी म्हणालो.

"मला नको. त्याला सांग." त्यांनी दार लावलं. आपटलं नाही, नुसतं लावलं.

घरी येऊन मी ताईला फोन केला. बाबा जागे होते. यंत्राचा घरघर आवाज येत होता. ताई म्हणाली, "फार बोलायला लावू नकोस त्यांना, दम लागतो. फोन कानाला धरलाय. बोल."

"बाबा, तुमच्याकडून काही झालं नव्हतं," मी म्हणालो. "त्या चकत्या मी धुतल्या. सगळ्या खराब झाल्या. आणि आजोबांना मी सांगितलं की तुम्ही त्या पावसात विसरलात. म्हणून ते बाहेर येईनात. तुम्ही मला विचारत होतात, तेव्हा मला माहीत होतं. गाडीत विचारलंत, तेव्हाही माहीत होतं. मी तुम्हाला त्या भिंतीपाशी एकटं बसू दिलं. माझं चुकलं, बाबा. मला माफ करा."