स्कीला खोबरेल

गंजाची भीती काय असते ते चेन्नईत समुद्राजवळ राहिल्याशिवाय कळत नाही. आमच्या घरातल्या बिजागऱ्या, कुलपं, सायकलची साखळी, छत्रीच्या काड्या, सगळ्यांवरून महिन्यातून एकदा खोबरेल तेलाचा हात फिरतो आणि तो हात माझा असतो. वीस वर्षांत घरातलं एकही कुलूप अडकलेलं नाही. ही बढाई आहे, पण खरी आहे, आणि पुढे जे झालं ते तिच्यामुळेच झालं.

गेल्या हिवाळ्यात आम्ही हिमाचलात स्कीइंगला गेलो. मी, माझी दहा वर्षांची मुलगी आणि कॉलेजपासूनचे दोन दोस्त. एक मैत्रीण, जी दर वर्षी बर्फात जाते. आणि एक मित्र, जो माझ्यासारखाच पुण्याहून चेन्नईच्या मोटारकारखान्यात आला आणि इथल्या फिल्टर कॉफीचाच होऊन राहिला. रोपवेने वर जायचं आणि घसरत यायचं, तसलं हे प्रकरण नव्हतं. मागे घसरू नये म्हणून स्कीच्या तळाला केसाळ पट्टी चिकटवून स्वतःच्या पायांनी डोंगर चढायचा, मग पट्टी काढून खाली यायचं. वरची भोजपत्राची झाडं गाठून तिथून उतरायचं, हे मुलीने दिवाळीतच ठरवलं होतं. त्यासाठी ती दोन महिने पाठीवर भरलेलं दप्तर घेऊन आमच्या इमारतीचे अकरा मजले चढत होती. लिफ्ट बिघडली समजून वॉचमनने तक्रारही लिहून टाकली.

आदल्या संध्याकाळी लॉजवर भाड्याच्या स्की आल्या. बूट अडकवायचा लोखंडी खटका पाहिला आणि माझे हात शिवशिवले. घरून आणलेल्या बाटलीतलं खोबरेल गोठून पांढरं झालं होतं. ते मी शेगडीजवळ ठेवून नीट वितळवलं आणि मुलीच्या नि माझ्या खटक्यांना सढळ हाताने चोपडलं. गोठलेलं तेल स्वतः वितळवूनही माझ्या डोक्यात काही उजेड पडला नाही. इंजिनियर आहे मी.

रात्रभर लॉजच्या उबेत राहिल्याने सकाळी खटके उबदार होते, बूट झक्कास बसले. दोन तास चढल्यावर एक ओढा आडवा आला. स्की काढून, हातात घेऊन तो ओलांडला. पलीकडे मुलीचा बूट काही केल्या बसेना. स्प्रिंगमध्ये तेलाचं मेण झालं होतं. माझंही तेच. काडीने खरवडून झालं, फुंकर घालून झाली. बारा वाजता जिथे असू तिथून परत, असं बरोबरच्या गाइडने निघतानाच बजावलं होतं. आता साडेदहा होऊन गेले होते आणि झाडं अजून तासभर वर होती.

मैत्रिणीने खटक्यातलं पांढरं बोटावर घेऊन हुंगलं.

"अरे, स्कीला चंपी केलीस?"

मुलगी रडली नाही. मजले मोजावेत तशी वरच्या झाडांकडे बघत राहिली. मला तेवढं पुरलं.

मित्राने थर्मास काढला. मला वाटलं, धीर द्यायला कॉफी पाजतोय. पण त्याने शेंगदाण्यांची प्लास्टिकची पिशवी रिकामी केली, तिच्यात कडकडीत कॉफी ओतली आणि तोंडाला पीळ देऊन गाठ मारली, मैलापूरच्या हॉटेलात सांबार पार्सल बांधतात अगदी तसं. ती पुरचुंडी त्याने मुलीच्या खटक्यावर ठेवली. तेल पाघळलं, रुमालाने पुसलं. मग दुसरा खटका. बूट कट् करून बसले. तोवर पुरचुंडी गार पडली आणि थर्मासमध्ये कपभरच उरली, माझ्या खटक्यांना ती पुरणारी नव्हती.

"बाबा, आणि तू?"

"तू हो पुढे. मी कॉफी घेतो."

ती गाइड आणि मैत्रिणीबरोबर गेली. मित्र माझ्यापाशी थांबला, आणि अर्धा अर्धा कप पिताना त्याने माझ्या शिक्षणाची मनसोक्त चौकशी केली. बाराला दहा कमी असताना मुलीची लाल टोपी झाडांशी पोचलेली दिसली. उतरताना ती तीनदा पडली, तीनदा उठली आणि ओढ्याशी येऊन चक्क माझ्यासमोर थांबली.

"पुढच्या वर्षी तूपण ये वर," ती म्हणाली. "पण खटक्यांना हात लावायचा नाही."

मी स्की खांद्यावर टाकून, गुडघ्यापर्यंत रुतत, चालतच उतरलो. लॉजवर पोचल्या पोचल्या तिने माझ्या बॅगेतून बाटली काढली आणि स्वयंपाकघरात देऊन टाकली.